अनेकार्थी शब्द, संदर्भ आणि वक्ता : कुलाबा किनाऱ्याविषयीच्या इंग्रजी लेखनाची चिकित्सा

१

इंग्रजी भाषेतील अनेकार्थी शब्दांचा अर्थ संदर्भावरून लावावा, हा नियम शाळेच्या वरच्या वर्गांपासून विद्यार्थ्यांना सांगण्यात येतो. नियम बरोबर आहे. परंतु संदर्भ म्हणजे नेमके काय, याचा उलगडा सहसा करण्यात येत नाही. शब्दाच्या मागचेपुढचे चार शब्द म्हणजेच संदर्भ, अशी एक ढोबळ समजूत रूढ होऊन बसली आहे. क्रमिक पुस्तकातील उताऱ्यापुरती ती पुरेशी पडते. पण विद्यार्थी पदव्युत्तर अभ्यासाकडे वळला आणि दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कागदपत्रांशी त्याची गाठ पडली, म्हणजे तिचा अपुरेपणा उघड होतो.

या नियमाची परीक्षा पाहावयाची तर रायगडच्या किनाऱ्यासारखे क्षेत्र क्वचितच सापडेल. रेवस-मांडव्यापासून बाणकोटच्या खाडीपर्यंतचा हा किनारा ज्या जिल्ह्यात मोडतो, त्याचे नाव १९८१ च्या आरंभी 'रायगड' झाले. तोपर्यंत ते 'कुलाबा' होते. सतराव्या व अठराव्या शतकांत मराठे, जंजिऱ्याचे सिद्दी, चौलचे पोर्तुगीज आणि मुंबईचे इंग्रज या चार सत्तांची येथे सतत झटापट चाले. तिच्याविषयीची इंग्रजी साधने विपुल आहेत. विल्यम फॉस्टर यांनी १९०६ ते १९२७ या काळात संपादित केलेले ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींच्या कागदांचे खंड, पुण्याहून १९३१ साली निघालेला 'इंग्लिश रेकॉर्ड्‌स ऑन शिवाजी' हा संग्रह, क्लेमंट डाउनिंगचा १७३७ चा ग्रंथ, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा व जंजिरा यांस वाहिलेला १८८३ चा अकरावा खंड, ही त्यांतली ठळक नावे होत. मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास लिहिणाऱ्यास यांचा आधार घेतल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणूनच यांतील शब्दांचा अर्थ चुकला, तर तो केवळ भाषांतराचा दोष राहत नाही. तो इतिहासाचा दोष होतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. या साधनांतील अनेकार्थी शब्दांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील शब्दांचा अर्थ शेजारचे शब्द, प्रकरण, देश आणि काल यांच्या साहाय्याने निश्चित होतो व तेथेच काम संपते. दुसऱ्या वर्गातील शब्दांचा अर्थ निश्चित झाल्यावरही काम संपत नाही. कारण तेथे शब्द कोण उच्चारतो आणि कोणास ऐकवितो, हाच अर्थाचा गाभा असतो. या दोन वर्गांची गल्लत झाल्यामुळे कुलाबा किनाऱ्याविषयीच्या इंग्रजी लेखनाचे वाचन अनेकदा बिघडले आहे.

२

शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हे मत आधुनिक भाषाविज्ञानात इंग्लंडमधील जे. आर. फर्थ यांच्या नावाशी निगडित आहे. आणि भाषणाच्या प्रसंगाचा विचार केल्यावाचून वाक्याचा अर्थ लागत नाही, हे मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्हस्की यांनी १९२३ साली ठासून मांडले. एकाच शब्दाला अनेक अर्थ असण्याच्या घटनेस आज रूढ असलेली पाश्चात्य संज्ञा फ्रेंच पंडित मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली प्रचारात आणली. तथापि या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी भारतात त्याच्या कितीतरी शतके आधी झालेली होती. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडात, शब्दाचा अर्थ संदिग्ध असता त्याचा निश्चय कशाने होतो, याची एक यादीच दिली आहे. संसर्ग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, अर्थ म्हणजे प्रयोजन, प्रकरण, लिंग म्हणजे खूण, अन्य शब्दाचे सान्निध्य, सामर्थ्य, औचित्य, देश, काल, व्यक्ती म्हणजे व्याकरणातील लिंग, आणि स्वर, अशी ही चौदा साधने होत. जेवताना 'सैंधव आण' म्हटले तर मीठ आणावयाचे आणि प्रयाणाच्या वेळी म्हटले तर घोडा, हे प्रकरणाचे परंपरागत उदाहरण सर्वश्रुतच आहे.

मिठाचे हे उदाहरण रायगडच्या किनाऱ्यावर अधिकच सहज उमगावे. तेथील बोलीत 'आगर' हा शब्द रोजच्या वापरातला आहे. अलिबागपासून चौल-रेवदंड्यापर्यंतच्या पट्टीस 'अष्टागर' म्हणतात. तेथे आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. पेण-उरणकडे आगर म्हटले की मिठागर डोळ्यांपुढे येते. आणि कोणास 'गुणांचे आगर' म्हटले, तर बागही नाही आणि मीठही नाही. चौलच्या माणसास हे तिन्ही अर्थ कोशावाचून कळतात. कारण देश, प्रकरण आणि अन्य शब्दाचे सान्निध्य ही साधने तो नकळत वापरीत असतो. परभाषेतील शब्दाशी गाठ पडली, म्हणजे मात्र हेच नकळत चालणारे काम जाणीवपूर्वक करावे लागते. मराठी वाचकाच्या ठिकाणी ही बुद्धी नसते असे नव्हे; ती इंग्रजी शब्दापुढे थबकते, कारण त्या शब्दाचा शाळेत शिकलेला एक अर्थ पुढे होऊन बाकीच्यांची वाट अडवितो.

३

पहिल्या वर्गातील शब्दांपैकी 'फॅक्टरी' हा सर्वांत बोधप्रद होय. १६७४ साली राज्याभिषेकाच्या सुमारास कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून चौलमार्गे रायगडास आला. त्या वेळी ज्या तहाची बोलणी झाली, त्यात राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण येथे 'फॅक्टऱ्या' घालण्याची परवानगी इंग्रजांना देण्याचे कलम होते. आजच्या विद्यार्थ्यास फॅक्टरी म्हणजे कारखाना, एवढेच ठाऊक असते. तो अर्थ घेतला तर कंपनी चौलास माल तयार करण्याची यंत्रशाळा काढू पाहत होती, असा विलक्षण निष्कर्ष निघेल. वस्तुतः 'फॅक्टर' म्हणजे धन्याच्या वतीने व्यवहार करणारा अडत्या, आणि अशा अडत्यांच्या राहण्याचे व माल साठविण्याचे ठिकाण म्हणजे फॅक्टरी. यंत्रयुगानंतर मालाच्या उत्पादनाचा अर्थ प्रबळ झाला व जुना अर्थ मागे पडला. येथे काल आणि साहचर्य ही दोन साधने निर्णय देतात : सतरावे शतक आणि शेजारी असलेला फॅक्टर.

या शब्दाच्या मराठी बाजूसही तीच अडचण आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील 'अठरा कारखाने' हे उत्पादनाचे कारखाने नव्हते. राजाच्या कोठारांची, पागांची व सामानाची ती खाती होती. म्हणजे 'फॅक्टरी'चा 'कारखाना' असा अनुवाद करणारा लेखक एकाच वेळी दोन भाषांतील जुन्या अर्थांवर अन्याय करतो. 'वखार' हा समर्पक शब्द मराठीत पूर्वापार आहे. मात्र आज वखार म्हटले की लाकडाची वखार आठवते, याचे भान ठेवून तो योजावयास हवा.

कंपनीच्या कागदांतील 'रायटर' हा लेखक नव्हे. तो सर्वांत खालच्या पायरीवरचा कारकून. त्याच्यावर फॅक्टर, त्याच्यावर 'मर्चंट'. येथे मर्चंट हा धंदा नसून हुद्दा होय. 'इन्व्हेस्टमेंट' म्हणजे भांडवल गुंतविणे नव्हे, तर परतीच्या जहाजांसाठी केलेली मालाची खरेदी. 'कंट्री शिप' म्हणजे खेड्यातील होडी नव्हे. युरोपातून येणाऱ्या 'युरोप शिप'च्या उलट, आशियातील बंदरांमध्येच फिरणारे जहाज. भर्तृहरीच्या यादीतील विरोध हे साधन येथे फार स्वच्छपणे लागू पडते. एकास दुसऱ्याशेजारी उभे केले, की दोघांचाही अर्थ स्पष्ट होतो.

नौकांच्या नावांत गुंतागुंत थोडी वेगळी आहे. 'ग्रॅब' हा शब्द इंग्रजीत बळकावणे या अर्थाने क्रियापद आहे, आणि याच कागदांत तो जहाजाचे नाव म्हणूनही येतो. हे दोन अर्थ एका शब्दाचे नव्हेत. योगायोगाने एकरूप झालेले ते दोन शब्द आहेत. नौकावाचक 'ग्रॅब' म्हणजे आपली 'गुराब'. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात तिचे मूळ अरबी 'गुराब' या शब्दाकडे नेले असून त्याचा मूळ अर्थ कावळा असा आहे. १६७९ साली खांदेरीपाशी मराठ्यांशी झालेल्या लढाईत इंग्रजांची जी गुराब मराठ्यांच्या हाती लागली, तिचे नाव 'डव्ह', म्हणजे पारवा, असे होते. त्या प्रसंगाच्या वर्णनात पारवा, कावळा आणि बळकावणे हे तिन्ही अर्थ वाचकाच्या मनात एकदम गर्दी करू शकतात. त्यातून वाट काढण्यास संख्यावाचक विशेषण, अनेकवचन, शेजारचा 'गॅलिव्हॅट' हा शब्द अशा खुणा पुरतात. मोठ्या आद्याक्षराची खूण मात्र येथे फसवी ठरते. कारण अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजीत साधी नामेही मोठ्या आद्याक्षराने लिहिण्याची चाल होती. 'गॅलिव्हॅट'चाही अर्थ सावधपणे घ्यावा लागतो. मराठीत गलबत म्हणजे कोणतेही शिडाचे तारू. या कागदांतील गॅलिव्हॅट म्हणजे वल्ही आणि शीड दोहोंवर चालणारी हलकी लढाऊ नौका. ध्वनी जुळला म्हणजे अर्थाची व्याप्तीही जुळली, असे मानता येत नाही.

भूमीविषयक शब्दांत देश हे साधन प्रमुख ठरते. 'क्रीक' म्हणजे अमेरिकेत ओढा. रेवदंड्याच्या, धरमतरच्या किंवा राजपुरीच्या संदर्भात तीच खाडी. 'पास' म्हणजे सह्याद्रीतील घाट किंवा खिंड, आणि 'पास' म्हणजे समुद्रावर जहाजास दिलेला परवाना. पावसाळ्यात बंद होणारा पास आणि तपासणीस दाखविला जाणारा पास एक असू शकत नाही. येथे सामर्थ्य निर्णय देते. 'टँक' या शब्दाचा युद्धयंत्र हा अर्थ १९१६ नंतरचा असल्याने जुन्या कागदांत त्याची बाधा होत नाही. परंतु मराठी भाषांतरकारापुढे दुसराच प्रश्न उभा राहतो. इंग्रजांनी टँक म्हटले, ते तळे की टाके? रायगडावर गंगासागर तलावही आहे आणि बारा टाकीही आहेत. मराठी ज्या दोन वस्तूंत भेद करते, त्या इंग्रजीने एका शब्दाखाली आणल्या आहेत. म्हणजे अनेकार्थता ही शब्दाच्या ठायी नसून दोन भाषांच्या संबंधात असते, असेही काही वेळा म्हणावे लागते. इंग्रज वाचकास 'टँक' तेथे संदिग्ध वाटणार नाही. मराठी वाचकास तो वाटतो, आणि तसे वाटणे हाच त्याच्या वाचनाचा गुण होय.

४

पहिल्या वर्गाच्या सीमेवर विशेषनामे उभी आहेत. विशेषनामास एकच अर्थ असतो, ही समजूत या किनाऱ्यावर टिकत नाही. इंग्रजी कागदांतील 'कोलाबा' म्हणजे मुंबई बेटांच्या दक्षिण टोकाचे बेटही असते आणि आंग्र्यांचा, अलिबागसमोरचा जलदुर्गही असतो. 'केनरी' म्हणजे कधी साष्टीतील कान्हेरीची लेणी, तर कधी खांदेरी बेट; जोडीला 'हेनरी' म्हणजे उंदेरी आले, की साहचर्याने प्रश्न सुटतो. 'राजापोर' म्हणजे रत्नागिरीकडील राजापूर की जंजिऱ्याजवळची दंडाराजपुरी, हे वाक्यात 'दंडा' असेल तर कळते, नसेल तर सिद्दीचा उल्लेख शोधावा लागतो. 'चौल' म्हणजे पोर्तुगीजांचे खालचे चौल, आजचे रेवदंडा, की त्याला लागून असलेले जुने वरचे चौल, हेही प्रत्येक ठिकाणी पाहावे लागते. 'मलबार' या नावाने त्या काळच्या इंग्रजांना अनेकदा कोकणासह सगळा पश्चिम किनारा अभिप्रेत असे, हे ठाऊक नसेल तर कुलाब्याच्या घटना वाचक केरळात नेऊन ठेवील.

यांहूनही महत्त्वाचे उदाहरण 'अँग्रिया' हे होय. इंग्रज लेखकांनी कान्होजी, सेखोजी, संभाजी, मानाजी आणि तुळाजी या साऱ्यांस हे एकच नाव दिले. कान्होजी १७२९ साली वारला. सेखोजीच्या १७३३ मधील मृत्यूनंतर घराण्यात फूट पडून कुलाब्यास मानाजी व दक्षिणेकडे संभाजी, पुढे तुळाजी, अशी दोन ठाणी झाली, आणि त्यांचे इंग्रजांशी संबंध सारखे नव्हते. १७५६ साली इंग्रजांनी पेशव्यांच्या साहाय्याने विजयदुर्गास ज्या अँग्रियाचा पाडाव केला, तो तुळाजी. कुलाब्याचे आंग्रे त्यानंतरही १८४० पर्यंत नांदत होते. देश आणि काल या दोन साधनांनी प्रत्येक अँग्रिया वेगळा काढता येतो. पण येथे एक शंका मनात डोकावते. पाच माणसांस एकच नाव देण्याची सवय ही केवळ भाषेची सवय होती काय? पिढ्यान्‌पिढ्या एकाच नावाने ओळखला जाणारा शत्रू हा माणूस राहत नाही, तो एक उपद्रव होऊन बसतो. ही शंका थेट दुसऱ्या वर्गाकडे नेते.

५

दुसऱ्या वर्गाचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणजे 'पायरेट'. डाउनिंगच्या १७३७ च्या ग्रंथाच्या मथळ्यातच आंग्र्याला हे विशेषण लावलेले आहे. शब्दाचा कोशगत अर्थ अवघड नाही : कोणत्याही राजाच्या सनदेवाचून समुद्रावर लूट करणारा तो पायरेट, म्हणजे चाचा. वाक्यात तो कोणास उद्देशून आला आहे, हेही स्पष्ट असते. म्हणजे भर्तृहरीच्या यादीतील साधनांना येथे करावयाचे काहीच उरत नाही. अर्थ निश्चित आहे. अडचण येथूनच सुरू होते.

कान्होजी आंग्रे हा मराठी राज्याचा सरखेल होता. बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने तो शाहू महाराजांच्या पक्षास मिळाला, तेव्हाही ते पद त्याच्याकडे कायम राहिले. म्हणजे सनदेचा अभाव ही व्याख्येतील अटच येथे लागू होत नाही. इतकेच नव्हे, तर १७१३ साली मुंबईच्या इंग्रजांनी स्वतःच त्याच्याशी करार केला. चाच्याशी करार करण्याची रीत राजनीतीत नाही. जुना युरोपीय कायदा तर त्यास सर्व मानवजातीचा शत्रू समजतो. आणि करार मोडल्यावर त्याच माणसास पुन्हा पायरेट म्हणावयाचे, याचा अर्थ असा, की तो शब्द त्याच्या कृत्याचे वर्णन करीत नसून मुंबई सरकारशी त्याच्या त्या वेळच्या संबंधाचे वर्णन करीत होता.

हे 'पास' आणि 'प्राइझ' या शब्दांच्या जोडीने पाहिले, म्हणजे अधिक स्पष्ट होते. समुद्रावर परवाने देण्याची व परवान्यावाचून फिरणारे जहाज धरण्याची पद्धत या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून चालविली होती. इंग्रजही पास देत. कान्होजीही आपली दस्तके देई आणि ती नसणारी जहाजे धरी. कृती तीच, पण पकडलेले जहाज मुंबईच्या गोदीत आले तर ते 'प्राइझ', आणि कुलाब्याच्या धक्क्यास लागले तर ती 'पायरसी'. एका कृतीला दोन नावे आणि नावाची निवड बोलणाऱ्यावरून, असा हा प्रकार आहे. कान्होजीच्या आरमाराने व्यापारी जहाजे धरली व खंडण्या घेतल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न कृतीचा नसून ती कोणत्या शब्दाच्या पोटी घातली गेली, याचा आहे.

हा अनुभव एकट्या कान्होजीच्या वाट्याला आला असे नव्हे. विल्यम किड या इंग्रज कप्तानास १६९६ साली राजाची सनद मिळाली. १६९८ साली त्याने हिंदी महासागरात धरलेल्या एका मोठ्या जहाजावरून वादळ उठले आणि १७०१ साली लंडनमध्ये तो चाचा म्हणून फासावर गेला. धरलेल्या जहाजांजवळ शत्रुराष्ट्र फ्रान्सचे पास होते, हा त्याचा बचाव. ते पास खटल्याच्या वेळी न्यायालयापुढे आले नाहीत, आणि विसाव्या शतकात लंडनच्या दप्तरखान्यात सापडले. एकाच माणसाच्या बाबतीत एक शब्द जाऊन दुसरा शब्द आला, तो त्याच्या वर्तनाइतकाच राजदरबारातील वाऱ्यामुळे.

अशा शब्दांसाठी भर्तृहरीची यादी अपुरी पडते, आणि याचे कारण त्या यादीतच आहे. तिच्यात चौदा साधने आहेत, 'आदी' म्हणून पुढची वाटही मोकळी ठेवलेली आहे. पण वक्त्याला तिच्यात स्वतंत्र स्थान नाही. पुढे मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त ही यादी अभिधेच्या नियमनासाठी घेतली आणि व्यंजनेच्या विचारासाठी दुसरी यादी दिली. तिच्यात देश, काल, प्रस्ताव यांची पुन्हा गणना आहे. परंतु तिचा आरंभच वक्ता आणि बोद्धव्य, म्हणजे बोलणारा आणि ज्याला उद्देशून बोलले जाते तो, या दोघांपासून होतो. दोन याद्यांतील हा फरक काव्यचर्चेपुरता मर्यादित मानण्याचे कारण नाही. 'फॅक्टरी', 'क्रीक', 'टँक' यांना पहिली यादी पुरते. 'पायरेट'ला दुसरी लागते. मुंबईच्या गव्हर्नराने लंडनच्या संचालकांस लिहिताना हा शब्द वापरला, तर खर्चास मंजुरी, युद्धाचे समर्थन आणि अपयशाची सारवासारव ही सारी व्यंग्ये त्यात सामावतात. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी फसली. ती फसल्यावर शत्रू जितका हीन ठरेल, तितकी मोहिमेची आवश्यकता पटविणे सोपे, हे उघड आहे.

शब्दाच्या मागे असलेला वक्ता ओळखण्याची ही दृष्टी त्या काळच्या मराठी राज्यकर्त्यांस नव्हती असे नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले 'आज्ञापत्र' सिद्ध झाले. त्यात सावकारांच्या प्रकरणात टोपीकरांचा विचार स्वतंत्रपणे केला आहे. इतर सावकार आणि हे सावकार यांना एक समजू नये, यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, असा त्याचा आशय. म्हणजे परकीय लोक स्वतःस ज्या नावाने ओळखवीत होते, त्या 'सावकार' शब्दाचा प्रचलित अर्थ त्यांच्या बाबतीत घेण्यास अमात्य तयार नव्हते. इंग्रज कान्होजीस सनदहीन म्हणत होते, आणि कान्होजीच्या राज्यातील मुत्सद्दी सांगत होते की इंग्रज निव्वळ व्यापारी नव्हेत. अर्थनिश्चयाचा याहून चांगला पाठ शोधून सापडणार नाही.

६

या दृष्टीने अलीकडच्या तीन ग्रंथांकडे पाहता येईल. कर्नल जॉन बिडल्फ यांचे १९०७ चे 'द पायरेट्स ऑफ मलबार' हे पुस्तक माहितीने भरलेले आहे आणि कुलाब्याच्या स्वारीचे स्वतंत्र प्रकरण त्यात आहे. परंतु त्याच्या मथळ्यातील दोन्ही नामे शिथिल आहेत. मलबारात कोकण घातले आहे, ही बाब पहिल्या वर्गातली. तिचा उलगडा सोपा आहे. पायरेट या एका शब्दाखाली किडसारखे युरोपीय चाचे आणि मराठी राज्याचा सरखेल यांना एकत्र आणले आहे, ही बाब मात्र दुसऱ्या वर्गातली. कागदांतील शब्द लेखकाने आपल्या स्वतःच्या विवेचनाचा शब्द केला, हा तेथील मूळ दोष. अठराव्या शतकातील कारकुनाने तो वापरला तर ते साधन असते. विसाव्या शतकातील इतिहासकाराने तो तसाच वापरला तर तो निर्णय होतो.

सुरेंद्रनाथ सेन यांनी १९४१ साली कान्होजीच्या आरंभीच्या कारकिर्दीचा केलेला विचार आणि मनोहर माळगावकर यांचे १९५९ चे इंग्रजी चरित्र ही दोन्ही लेखने या प्रघाताविरुद्ध गेली. माळगावकरांनी आपल्या पुस्तकाच्या नावातच कान्होजीस मराठ्यांचा 'ॲडमिरल' म्हटले. ही दुरुस्ती आवश्यक होती. तथापि चिकित्सेचा नियम एका शब्दास लावावा आणि दुसऱ्यास माफ करावा, हे योग्य नव्हे. ॲडमिरल म्हणताच पगारी, गणवेशधारी आणि सरकारी खात्यातील अधिकारी डोळ्यांपुढे येतो. कान्होजीच्या ताब्यात किल्ले होते, मुलूख होता, वसूल होता. त्याचे छत्रपतींशी असलेले नाते आजच्या नौदलाधिकाऱ्याच्या नात्याहून सैल आणि रुंद होते. शब्दांचा इतिहास मात्र येथे मोठा मनोवेधक आहे. 'ॲडमिरल'चे मूळ अरबी 'अमीर', म्हणजे अधिपती; त्यात समुद्र नाही. 'सरखेल'चे मूळ फारसी 'सर' आणि अरबी 'खैल', म्हणजे घोडेस्वारांच्या तुकडीचा प्रमुख. त्यातही समुद्र नाही. दोन्ही शब्द जमिनीवरून पाण्यात उतरले; पण उतरल्यावर त्यांच्या वाटा निराळ्या झाल्या. म्हणून एकास दुसऱ्याचा पर्याय करण्यापेक्षा 'सरखेल' हा शब्द तसाच ठेवून त्याची व्याप्ती सांगणे अधिक प्रामाणिक होय.

कोशांविषयीही एक शब्द आवश्यक आहे. 'हॉब्सन-जॉब्सन'चे मोठेपण यात आहे, की त्याने अर्थासोबत निरनिराळ्या काळांतील अवतरणे कालानुक्रमाने दिली. त्यामुळे देश आणि काल ही दोन्ही साधने वाचकाच्या हाती येतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती अर्थच्छटांच्या बाबतीत आजही मार्गदर्शक आहे. परंतु वक्ता आणि बोद्धव्य ही साधने कोणताच कोश पुरवू शकत नाही. ती कागदावरूनच, म्हणजे पत्र कोणी, कोणास, कोणत्या कामासाठी लिहिले, यावरून मिळवावी लागतात. अवतरणांच्या संग्रहांतून वेचलेल्या ओळींवर ग्रंथ उभारणाऱ्यांकडून नेमके हेच हरवते.

७

या विवेचनातून भाषांतराच्या व्यवहारापुरते काही नियम निघतात. पहिल्या वर्गातील शब्दाचे भाषांतर त्या काळच्या मराठी शब्दाने करावे. तो आज अपरिचित असेल तर एकदा स्पष्ट करावा. विशेषनाम ओळखून त्याचे आजचे रूप द्यावे आणि 'अँग्रिया'सारख्या ठिकाणी प्रत्यक्ष व्यक्तीचे नाव घालावे. दुसऱ्या वर्गातील शब्द सौम्य करू नये, गाळू नये आणि दुरुस्तही करू नये. तो वक्त्याच्या नावे, त्याच्या मुखातून आलेला म्हणून ठेवावा. 'चाचा आंग्रे' असे लिहिणे वेगळे आणि 'मुंबईचे इंग्रज ज्यास चाचा म्हणत तो आंग्रे' असे लिहिणे वेगळे. पहिल्यात अनुवादकाने साक्ष दिली आहे, दुसऱ्यात नोंदविली आहे.

संदर्भावरून अर्थ लावणे आणि त्या अर्थास सत्य मानणे, ही दोन भिन्न कामे आहेत. पहिले काम भाषेच्या विद्यार्थ्याचे, दुसरे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे, अशी वाटणी विद्यापीठात सोयीची असली, तरी कुलाब्याच्या कागदांपुढे ती टिकत नाही. भाषेच्या विद्यार्थ्याने वक्त्यापर्यंत पोहोचल्यावाचून थांबू नये, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने शब्दापाशी थांबल्यावाचून पुढे जाऊ नये. या किनाऱ्याविषयीच्या इंग्रजी साधनांतील अनेकार्थी शब्दांची, काल, स्थळ, लिहिणारा आणि ज्यास लिहिले तो, अशा चार रकान्यांत मांडलेली सूची मराठीत तयार झाली, तर दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांस तिचा उपयोग होईल. ते काम एका पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यात बसण्यासारखे आहे.